हॉटस्पॉटचा निरोप

दिनकररावांच्या मोबाईलमधला हॉटस्पॉट त्यांच्या सुनेच्या, हेमांगीच्या, लॅपटॉपमध्ये येऊन बसायचा आणि काम जरा कुठे रंगात आलं, की "जातो" म्हणून उठून चालू लागायचा.

त्याच्या या खोडीपायी हेमांगीची मधमाशी केंद्रातली नोकरी दोनदा हुकली होती. दोन्ही मुलाखतींत ती ऐन वाक्यात पडद्यावरून गडप झाली आणि निवड समितीने शेरा मारला, 'उमेदवार उठून गेल्या.' उठून गेला होता हॉटस्पॉट! पण समितीला कोण सांगणार? आज तिसरी मुलाखत होती आणि नियमाप्रमाणे शेवटची. हेमांगीला मधमाश्यांवाचून दुसरं काही सुचत नसे. आजही हा उठला तर काय, या विचारानेच तिला रडू येत होतं.

उपाय काही कमी केले नव्हते. मोबाईल लॅपटॉपला खेटून ठेवला, बॅटरी वाचवायची सोय बंद केली, तापू नये म्हणून कव्हर काढलं, शेजाऱ्यांच्या फोनची जोडणी तोडली. पठ्ठ्या तरीही जायचाच. शेवटी तिने हात टेकले आणि मदत केंद्राला फोन लावला.

"जाताना तो काय म्हणतो?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"जातो म्हणतो."

"मग बरोबर आहे, मॅडम. 'जातो' म्हणून गेलेल्यावर परत यायचं बंधन नसतं. त्याला 'येतो' म्हणायला शिकवा. आणखी काही मदत हवी आहे का?"

शिकवण्याचं काम सासूबाईंनी, गजराबाईंनी, अंगावर घेतलं. हॉटस्पॉट नेमका तेव्हाच निघाला होता.

"काय रे मेल्या, भरल्या घरातनं जातो म्हणत्यात व्हय? येतो म्हण!"

हॉटस्पॉट ओशाळला. "येतो," तो म्हणाला.

"हां. ये."

आता 'ये' म्हटल्यावर येणं भागच होतं. उंबऱ्यापर्यंत गेलेला तसाच वळला आणि लॅपटॉपमध्ये येऊन बसला. हेमांगीचा जीव भांड्यात पडला.

मुलाखत सुरू झाली. राणीमाशी मेली तर पोळ्याचं काय होतं, असा प्रश्न आला. हेमांगीने तोंड उघडलं आणि हॉटस्पॉट उठला.

"येतो."

"ये," गजराबाई दारातून म्हणाल्या.

तो आला. चित्र जरासं थरथरलं, इतकंच. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा.

"मागे कोण बोलतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"सासूबाई, सर. हॉटस्पॉटला निरोप देताहेत."

"असू द्या. निरोप द्यायलाच हवा. तुम्ही बोला."

हेमांगी बोलली. कामकरी माश्या कोवळ्या अळीला खास खुराक भरवून नवी राणी कशी घडवतात, ते तिने सांगितलं. मुलाखतीत पहिल्यांदाच तिला स्वतःच्या वाक्याचा शेवट गाठता आला, आणि मग ती अशी काही सुटली, की समिती गुण मांडायचं विसरून ऐकतच बसली.

"हेमांगीताई, तुमची निवड झाली," अध्यक्ष म्हणाले.

"जिंकलीस पोरी!" मोबाईलला वर्तमानपत्राने वारा घालत बसलेले दिनकरराव ओरडले. गजराबाईंनी दारातूनच शेजारणींना हाका मारल्या. हेमांगी हसत होती, रडत होती, दोघांना मिठ्या मारत होती, आणि हे सगळं समितीला एकदाही न अडखळता लख्ख दिसत होतं. शेवटी मुलाखत समितीलाच बंद करावी लागली.

हॉटस्पॉट जेवायला थांबला.