खिडकीवरील कागदास भोक पाडण्याबाबत

आईबाप वेगळे झाले की मूल एकाकडे राहतं आणि दुसऱ्याला आमच्या केंद्रात येऊन भेटतं. ही भेट देखरेखीखाली होते आणि देखरेख मी करते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं आणि कोण काय बोललं ते जसंच्या तसं पत्रकात उतरवायचं. सोळा वर्षं झाली, माझ्या पत्रकात एक खाडाखोड सापडायची नाही.

भेट संपली की पालकाने आधी निघायचं. मुलाने पंधरा मिनिटं खोलीतच थांबायचं, म्हणजे फाटकाशी आईबाबा समोरासमोर येत नाहीत. खोलीला एक खिडकी आहे आणि गोपनीयतेसाठी तिच्या काचेवर दुधी कागद चिकटवलेला आहे. त्यातून उजेड येतो, माणूस दिसत नाही. नियम उत्तम आहे.

दर शनिवारी चार ते पाच एक सात वर्षांची मुलगी तिच्या बाबांना भेटायला यायची. बाबा काचा बसवण्याचं काम करत. दोघं पत्ते खेळत आणि ती हरायला लागली की बाबांना अचानक पत्ते कमी भरल्याची शंका येई, मग डाव मोडून पुन्हा वाटप. एका शनिवारी ते गेल्यावर मुलगी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"मावशी, इथला एवढाच कागद काढा ना," तिने तळहात कागदावर ठेवून दाखवला. "बाबा जाताना मला हात करायचाय."

एरवी मी "बघू हं" म्हटलं असतं आणि विषय संपला असता. पण त्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं होतं. यापुढे बालकाचा आवाज ऐकण्यात येईल; ऐकल्याचा पुरावा तीन प्रतींत सादर करावा.

प्रमुखबाई हरखल्या. केंद्राला मिळालेला हा पहिलाच आवाज होता.

"पण तो तिचाच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"तीच बोलली की, बाई."

"मूल बोललं म्हणजे ते मुलाचंच असतं असं नाही. कोणीतरी पढवलेलं असतं. खात्री करून घ्या."

म्हणून चार शनिवार चार वेगवेगळ्या माणसांनी तिला तोच प्रश्न विचारला. चारही वेळा तिने तेच उत्तर दिलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, त्यामुळे पाठ करून घेतल्याचा संशय बळावला.

मग पालकांचं म्हणणं मागवलं. आई औषधांच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाला सुटे परत देता देता ती फोनवर म्हणाली, "करू दे की हात. माझं काय जातंय?" बाबा भेटीतच, पत्ते पिसता पिसता म्हणाले, "हरकत कसली? ब्लेड असेल तर द्या, दोन मिनिटांत कापून देतो."

दोघांचं एकमत झालं होतं. असं केंद्राच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. प्रमुखबाईंनी फाइल दोनदा वाचली.

"यांचं जर पटतंय, तर हे आपल्याकडे येतात कशाला?" त्या म्हणाल्या. "पाणी कुठेतरी मुरतंय."

शिवाय मी लिहिलेलं समोर होतंच: 'वडिलांनी बालकासमक्ष ब्लेडची मागणी केली.' त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या एका ओळीवर भेट तासाची अर्ध्या तासावर आली आणि बापलेकीच्या मध्ये लांब टेबल आलं. टेबलापलीकडे मुलीचा हात पोचेना, त्यामुळे पत्ते बंद झाले.

पुढच्या शनिवारी मुलगी माझ्या खुर्चीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, नको मला भोक. कागद राहू दे. आमचा तास परत द्या."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण पत्रकात निरीक्षिकेला वाईट वाटण्याचा रकाना नाही. मी लिहिलं, 'बालकाने मत बदलले.'

"आता कसं बदलेल?" प्रमुखबाई म्हणाल्या. "आवाज वर गेलाय. तिचं ऐकून मागे घेतला, तर आपण तिचं ऐकलं नाही असा अर्थ होईल."

सहाव्या महिन्यात मंजुरी आली. भोक तळहाताएवढंच, मात्र कोणावर अन्याय नको म्हणून त्याची उंची केंद्रात येणाऱ्या सर्वांच्या उंचीची सरासरी काढून ठरवली होती. सर्वांत कर्मचारीही आले. भोक माझ्या हनुवटीपाशी पडलं.

उद्घाटनाला वरचे साहेब आले, फोटोवाला आला. भाषणं त्या अर्ध्या तासातच उरकावी लागली, त्यामुळे बापलेकीच्या वाट्याला सात मिनिटं आली. बाबा निघाले. साहेबांनी कागदाचा कापलेला तुकडा टाळ्यांच्या गजरात सोलला आणि आम्ही सगळे खिडकीकडे धावलो.

फाटकाशी बाबा थांबले, वळले आणि त्यांनी हात वर केला.

"हात करतोय बघा," साहेब गहिवरून म्हणाले आणि त्यांनी हात केला. मग प्रमुखबाईंनी केला. मग मी केला. बाबा बराच वेळ हात वर धरून उभे होते.

माझी बाही कोणीतरी ओढत होतं.

"मावशी, बाबा आहेत का अजून?"

"थांब हं बाळ," मी म्हटलं, "साहेब बघतायत."

आम्ही बाजूला झालो तेव्हा फाटकाशी कोणी नव्हतं. मुलगी जाऊन आपल्या खुर्चीवर बसली आणि तिने पंधरा मिनिटं पूर्ण केली. तेव्हापासून ती काही मागत नाही. अहवालात तसं नमूद आहे.

पत्रकाच्या शेवटी प्रश्न असतो, 'बालकाचा आवाज ऐकला काय?' पुढे 'होय' छापलेलंच आहे. साहेबांची सही झाली, प्रमुखबाईंची झाली, माझी झाली. साक्षीदाराची तेवढी राहिली आहे. त्याला बाहेरचा माणूस लागतो, ज्याने सुरुवातीपासून सगळं ऐकलं आणि जो बसल्या जागेवरून उठला नाही.

हे घ्या पेन. इथे, तुमच्या नावापुढे.