आतला बी बाळारामच

आमच्या चाळीतला बाळाराम भुताचे पिच्चर बगतो, ते बी रविवारी भर दुपारी, दार सताड उघडं टाकून. आवाज येवढा की माझ्या मांडनीवरचे डबे वाजतात. पिच्चरमधी मानसं मरतात तेव्हा हा शेंगा खातो. भूत मेलं की रडतो.

मी त्याची शेजारीन, वीस वर्सांपासनं. कापडाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरता भरता माझी नजर अर्धी गेली. म्हनून तो मला टीव्हीच्या म्होरं बसवतो आनि सांगत ऱ्हातो, "मावशी, हडळ आली बग. साडी काय झकास नेसलीय." तिचे उलटे पाय त्याला दिसत न्हाईत, साडी दिसते.

बाळारामाचं वय पन्नाशीला आलंय. दापोड्याला गोडावनात खोकी बांधतो. पिच्चरमधी भगत लिंबू घेऊन धावला की हा टीव्हीवर खेकसतो, "अरे, आधी इचारा तरी. कोन हाय, कुठून आलंय, जेवलंय का." चाळीत भटकं कुत्रं शिरलं, कुनी दगड उचलला, तरी ह्याचं तेच. आधी इचारा तरी.

त्याच्या बाजूला अन्वर बसतो. कापड इनायचे लूम दुरुस्त करतो तो, हात लोखंडाचे, पन भित्रा लई. भूत आलं की उशी तोंडावर घेतो आनि उशीमागून इचारतो, "गयी क्या?" बाळाराम म्हनतो, "अजून हाय. घाबरू नको, बाई चांगली हाय."

बाळारामाचा जीव अन्वरवर हाय, नवऱ्याचा बायकोवर असतो तसा. चाळीत सगळ्यांना ठावं हाय, बोलत कुनी न्हाय. मला त्यानं स्वतःच सांगितलं, पिच्चर चालू असताना. मी म्हनलं, बरं. शेंगा संपल्या व्हत्या, त्या आनाया पाठवला त्याला.

मंग येकदा मी इचारलं, भूतच का रं आवडतं तुला? तर म्हनला, गावात लहान व्हतो तेव्हा पडद्यावर पिच्चर बगितला. भूत दार वाजवत व्हतं आनि घरातली सगळी कडी लावून बसलेली. मला वाटलं, मावशी, हे तर माझं मानूस.

मला कळलं ते. माझा नवरा गेला तेव्हा मी तीस वर्सांची. सकाळी ड्युटीला निघाले की समोरच्या बायका दार लावून घ्यायच्या. मेला व्हता तो, पन दार माझ्यावर लागायचं. त्याला आता लई वर्सं झाली.

बाळारामाला रक्ताचं येकच मानूस, भैन गुलाब. अकलोलीला दिलीय. दर भाऊबीजेला येते. त्या दिवशी अन्वर ओट्यावर बसून चा पितो, ती जाईतवर आत येत न्हाय.

गेल्या दिवाळीच्या आधी गुलाब आली ती भगताला घेऊनच. म्हनली, दादाला हडळ लागलीय म्हनून लगीन करीत न्हाय. ती उतरवून घेतली न्हाय तर ह्या उंबऱ्याला मी परत पाय लावनार न्हाय. बाळाराम उठला. पाटावर जाऊन बसला.

भगतानं तांदूळ मांडले, धूप पेटवला. हा बसल्या जागी त्याला शिकवाया लागला. म्हने, बाबा, लिंबू उजव्या हाताला ठेवा, आनि धूर कमी करा, मावशीचे डोळे चुरचुरतात. भगताचं मंतर दोनदा चुकलं. मंग त्यानं आवाज चढवला.

"आतली कोन हायस तू? नाव सांग."

"बाळाराम."

"तो वरचा. आतली कोन?"

"आतला बी बाळारामच."

तिनदा इचारलं, तिनदा तेच. शेवटी भगत दमून म्हनला, "काय पायजे तुला? कोंबडा पायजे, साडी पायजे?"

मला वाटलं, आता हा हसंल. हसला न्हाय. असं त्याला आजवर कुनी इचारलंच नव्हतं.

"भाऊबीजेला दोन पाट मांडू दे," तो म्हनला. "येक माझा, येक अन्वरचा."

भगतानं तांदूळ गोळा केले. म्हनला, बाई, हितं भूत न्हाय, मानूसच हाय. आनि माझ्याकडं चा मागितला. गुलाब पिशवी उचलून निघून गेली, भावाकडं न बगता.

भाऊबीजेला बाळारामानं दोन पाट मांडले. अन्वर इस्त्रीचं शर्ट घालून आला, बसला, परत उठला. म्हनला, "मैं बाहर बैठता हूँ. वो आयेगी तो..." बाळारामानं त्याला हाताला धरून बसवला. बारा वाजले, दोन वाजले. टीव्ही बंदच व्हता.

मंग तो माझ्याम्होरं ताट घेऊन आला. "मावशी, तू ओवाळ."

मी म्हनलं, आरं, नवरा गेलेल्या बाईनं ओवाळायचं नसतं.

"हे ठरवलं तेव्हा त्या बाईला इचारलं व्हतं का कुनी?"

आनि ताट माझ्या हातात दिलं. नवरा जिता असताना धरलं व्हतं ते शेवटचं.  धड दिसंना, अन्वरचं कुंकू नाकावर लागलं. तो हलला न्हाय, डोळे मिटून बसला, पिच्चर बगताना बसतो तसा.

दारातून वारा येत व्हता. निरांजन इजाया लागलं. मी म्हनलं, दार लावते थोडं.

"ऱ्हाऊ दे मावशी," बाळाराम म्हनला. "अकलोलीची येक गाडी अजून यायची हाय."