अंधारातली लाल किटली

दातांच्या एका डॉक्टरणीने बावन्न मिनिटांचा व्हिडिओ टाकला आणि भिंतवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

भिंतवाले म्हणजे ॲनिमेशन स्टुडिओतले एक चित्रकार. चित्रपटातली माणसं, राक्षस, घुबडं वगैरे दुसरे लोक काढायचे. त्यांच्या मागे ज्या भिंती, दारं, जिने आणि झाडं दिसतात, ती हे रंगवायचे. म्हणून भिंतवाले. सहा वर्षं स्टुडिओत होते आणि सहाही वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होते. दर वर्षी सही करायची, दर वर्षी घरी जाऊन "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचं. यंदा मात्र चित्रपट तुफान चालला होता आणि एका माणसाला कायम करायचं ठरलं होतं. बायकोचं वाचनालय बंद पडून ती घरी बसली होती, तेव्हापासून तर ही नोकरी कायम होणं हा एकच विषय भिंतवाल्यांच्या डोक्यात दिवसरात्र फिरत होता.

आणि नेमकी आत्ता ही बया टपकली.

चित्रपट तसा भयाण होता. एक मुलगी आपल्या बुडालेल्या भावाची सावली परत आणायला राखेच्या राज्यात जाते, अशी गोष्ट. सगळा कारभार इतका काळोखात की निम्म्या प्रेक्षकांना पडद्यावर कोण मेलं तेच कळलं नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंना एक्स-रेमध्ये काळे ठिपके शोधायची सवय. त्यांनी एकेक चित्र उजळून पाहिलं आणि जिन्याच्या कोपऱ्यात त्यांना सापडली लाल किटली. राणीच्या शयनगृहात सापडली अंगठा तुटलेली डाव्या पायाची चप्पल. आणि स्मशानाच्या फाटकावर सापडला एक आकडा. चारशे सतरा.

"हे योगायोग नाहीत!" बाई व्हिडिओत ओरडत होत्या. "किटली दिसल्यावर दर वेळी कुणीतरी खोटं बोलतं!"

भिंतवाले खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. कारण किटली त्यांच्या घरची होती.

त्याचं असं होतं. स्टुडिओत फोन आत नेऊ देत नसत. चित्रं बाहेर फुटतील म्हणून. कागदाच्या चिठ्ठ्या पंख्याने उडायच्या. आणि भिंतवाल्यांची स्मरणशक्ती म्हणजे आनंदीआनंद. तेव्हा बायकोने सकाळी सांगितलेलं काम ते समोरच्या चित्रातच एका कोपऱ्यात काढून ठेवायचे. संगणकावर चित्र थराथराने रंगवतात, हवा तो थर बंद करता येतो. आठवणींचा थर वेगळा. चित्र पुढे पाठवताना तो बंद केला की झालं. पण शेवटच्या आठवड्यात अशी घाई उडाली की अकरा चित्रांत तो थर बंद करायचा राहिला. किटली दुरुस्तीला टाकलेली, ती आणायची होती. चप्पल शिवायची होती. आणि चारशे सतरा हा लाँड्रीत अडकलेल्या बायकोच्या कोटाचा नंबर होता.

आणि दिग्दर्शकाचा नियम स्टुडिओत सगळ्यांना पाठ होता. चौकटीत एकही वस्तू उगाच नको. मागे एकाने आपल्या मनाने आकाशात एक कावळा जास्तीचा काढला होता. कावळा राहिला, माणूस गेला.

दुपारी बोलावणं आलंच. हातात रुमाल घेऊन भिंतवाले आत गेले. दिग्दर्शक फोनवर बोलत होता.

"अर्थात मुद्दाम!" तो फोनमध्ये सांगत होता. "माझ्या चित्रपटात उगाच काहीही नसतं. प्रेक्षकांना उशिरा दिसलं, त्याला मी काय करू?"

फोन ठेवून त्याने दार लावलं आणि एकदम आवाज खाली आणला.

"ती किटली काय आहे हो?"

"साहेब, माझं चुकलं. खरं सांगतो, ती—"

"चुकलं म्हणू नका. मी आत्ताच पेपरवाल्यांना मुद्दाम म्हणालोय. अर्थ सांगा."

भिंतवाल्यांना समोर कायम नोकरीचं पत्र दिसायला लागलं. त्यांनी घाम पुसला.

"किटली म्हणजे... कुणीतरी वाट बघतंय."

"वा! आणि चप्पल?"

"चालायचं राहून गेलं."

"आणि चारशे सतरा?"

"ते..." भिंतवाल्यांची गाडी अडली. "ते सांगितलं तर साहेब, त्यातला जीव जाईल."

दिग्दर्शक खुर्चीतून उठला. मग त्याने भिंतवाल्यांचा हात हातात घेतला. "सहा वर्षं तुम्ही माझ्या भिंतींमागे लपून बसलात. दुसऱ्या भागात मला अशा बारा खुणा पाहिजेत. महिनाअखेरीला चाहत्यांचा मेळावा आहे. कायम कुणाला करायचं, ते मी तिथेच स्टेजवर सांगेन."

भिंतवाल्यांचा जीव भांड्यात पडला खरा, पण जेमतेम संध्याकाळपर्यंत. मुद्दाम काढायला बसल्यावर त्यांना काही म्हणता काही सुचेना. घुबड काढलं, तडकलेला आरसा काढला, वाळूचं घड्याळ काढलं. दिग्दर्शकाने सगळं बाजूला सारलं.

"हे दुकानातून आणल्यासारखं वाटतं. टोचत नाही. किटली कशी टोचते!"

आठवडाभर भिंतवाल्यांना ना जेवण गोड लागलं, ना झोप. जेवताना पाय हलायचा, त्याने टेबल हलायचं, आणि टेबलाने आमटी. शेवटी बायकोनेच विषय काढला. तिने तो व्हिडिओ दोनदा बघितला होता, दुसऱ्यांदा वही घेऊन.

"अहो, ही किटली माझी आहे."

"कुठली? छे गं. किटल्या सगळ्या सारख्याच असतात."

"हिच्या दांड्याला मी बांधलेली सुतळीसुद्धा काढलीय तुम्ही. आणि चप्पल माझी. आणि चारशे सतरा माझा कोट. म्हणजे तुम्ही विसरला नव्हता! आठ महिने मी समजतेय, बिचाऱ्याच्या लक्षात राहत नाही. तुम्ही तर बसून रंगवत होता की! सावली पाडून!"

"अगं, ती आठवण होती."

"मग आठवण आल्यावर माणूस दुकानात जातो का रंग भरत बसतो?"

भिंतवाल्यांनी सगळं ओकून टाकलं. कायम नोकरी, बारा खुणा, वाळूचं घड्याळ, मेळावा. "मला भीती वाटते गं. हे कळलं तर आहे तेही जाईल. दोघंही घरी बसू."

बायकोने आमटीचं भांडं बाजूला ठेवलं. मग उठली आणि कपाटातून एक जाड वही घेऊन आली. वाचनालयात एकवीस वर्षं ती लोकांनी परत न केलेल्या पुस्तकांच्या मागे लागलेली. वाचनालय गेलं तरी सवय गेली नव्हती. घरात काय काय राहिलंय, कधीपासून राहिलंय आणि त्यावर भिंतवाल्यांनी कोणकोणत्या तारखांना "उद्या" म्हटलंय, सगळं तारीखवार लिहिलेलं होतं.

"बारा पाहिजेत ना? त्रेचाळीस आहेत. घ्या कोणतीही."

भिंतवाल्यांनी गॅलरीची तुटलेली कडी काढली. एकच बाही विणलेला स्वेटर काढला. मेहुणीकडून आणलेली आणि परत न केलेली शिडी काढली. विशेष म्हणजे प्रत्येक वस्तू काढताना त्यांना मनापासून अपराधी वाटत होतं, आणि ते रंगात उतरत होतं. शिडी बघून तर दिग्दर्शकाने चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"कुठून आणता हो तुम्ही हे?"

"मेहुणीकडून," असं ओठांवर आलं होतं. भिंतवाल्यांनी गिळलं.

मेळाव्याला ही गर्दी! लोक लाल किटलीचे बिल्ले छातीला लावून आले होते. एका जोडप्याने तर चारशे सतरा गोंदवून घेतलं होतं, ते बघून भिंतवाल्यांनी मान दुसरीकडे वळवली. दिग्दर्शक स्टेजवर मधोमध बसला होता. त्याच्या कोटाच्या खिशातून पांढऱ्या पाकिटाचं टोक दिसत होतं. शेजारी भिंतवाले. पाय असा हलत होता की पुढच्या रांगेतल्यांना वाटलं, माइकमध्येच काहीतरी बिघाड आहे. बायको चौथ्या रांगेत बसली होती. "गप्प बसायचं, काही बोलायचं नाही," हे तिला सकाळपासून सहा वेळा सांगून झालं होतं.

डॉक्टरीणबाई माइक घेऊन उभ्या राहिल्या. "चारशे सतरा म्हणजे राजाने मारलेल्या मुलांची संख्या, हे मी सिद्ध केलंय."

"चूक!" मागून एक जण ओरडला. "ते मुलीच्या आयुष्यातले उरलेले दिवस आहेत!"

"अहो, उलट वाचा! सातशे चौदा होतात!"

"सातशे चौदाचं काय?"

"त्यावर काम चालू आहे!"

बायको खुर्चीत चुळबुळ करायला लागली. चुकीच्या खणात पुस्तक दिसलं की एकवीस वर्षं तिचा हात आपोआप तिकडे जायचा. भिंतवाल्यांनी स्टेजवरून डोळे मोठे केले, मान हलवली, हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. पण ती उठली. रांगांमधून फिरत आलेला दुसरा माइक तिने शेजारच्या माणसाच्या हातून घेतला.

"कशाला भांडताय? तो लाँड्रीचा नंबर आहे. एका बाईचा कोट तिथे आठ महिने पडलाय आणि तिचा नवरा तो आणत नाही."

भिंतवाल्यांनी डोळे मिटून घेतले. संपलं. सहा वर्षं गेली, पत्र गेलं, सगळं पाण्यात गेलं.

"आठ महिने..." डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे ती अजून थंडीत आहे."

"काकडतेय," बायको म्हणाली.

"आणि किटली?" कुणीतरी घाबरत विचारलं.

"दुरुस्तीला टाकलीय. ती रोज विचारते, आणली का? तो रोज म्हणतो, उद्या."

"दर वेळी खोटं बोलतो!" डॉक्टरीणबाई किंचाळल्या. "मी म्हटलं होतं! किटली दिसली की कुणीतरी खोटं बोलतं!"

आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो काही केल्या थांबेना. लोक उभे राहिले. गोंदवलेलं जोडपं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होतं. दिग्दर्शक स्टेजवरून उतरून थेट चौथ्या रांगेत गेला.

"बाई, हे सगळं तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचायचंय काय त्यात? त्या स्टेजवरच्यांची बायको मी, रोजचंच आहे. वहीत लिहिलंय सगळं."

"वही आहे?" दिग्दर्शकाचा श्वास अडकला. "अजून आहेत?"

"एकतीस शिल्लक आहेत. शिवाय रोज भर पडतेच."

दिग्दर्शकाने मागे वळून भिंतवाल्यांकडे एकदा बघितलं. सगळा उलगडा झाल्यासारखी मान हलवली. खिशातून पाकीट काढलं. आतल्या पत्रावर नावाची जागा रिकामीच होती, स्टेजवर सर्वांसमोर नाव लिहायचं त्याच्या मनात होतं. त्याने पेन मागितलं, आणि डॉक्टरीणबाईंच्या पाठीचा टेकू घेऊन त्यावर बायकोचं नाव लिहिलं.

सोमवारपासून बायको स्टुडिओत रुजू झाली. पद होतं प्रतीक विभागाची प्रमुख, कायम. तिला खिडकीजवळची खोली मिळाली, दारावर पाटी मिळाली, आणि फोन आत न्यायची परवानगीसुद्धा मिळाली. महिन्याभरात खोलीत जाण्याआधी दारावर टकटक करायची सवय भिंतवाल्यांना लागली.

एका दुपारी धीर करून ते आत गेले.

"मॅडम... म्हणजे, अगं, माझ्या कायम होण्याच्या फाइलचं काय झालं?"

"माझ्याकडेच आहे ती. कालच साहेबांशी बोलले."

"मग?"

"तिसऱ्या भागापर्यंत थांबायचं ठरलंय."

"का?" भिंतवाल्यांचा आवाज चिरकला. "आता काय अडलंय?"

बायकोने चष्मा काढून ठेवला. चेहऱ्यावर माया होती, अगदी खरी. "अहो, सहा वर्षं अडकलेली गोष्ट आहे ती. एवढी जुनी माझ्या अख्ख्या वहीत दुसरी नाही. तुम्ही सारखे असे अस्वस्थ असता ना, म्हणून तर हात चालतो तुमचा. उद्या निवांत झालात की परत घुबडं काढाल. आणि घरात एक पगार कायमचा आलाय की. आणखी काय पाहिजे?"

भिंतवाल्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पण तिने एक कागद पुढे सरकवला होता. एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, नेहमीचंच. खाली सहीसाठी दोन जागा होत्या आणि वरच्या जागेवर तिची सही आधीच झालेली होती.

त्यांनी पेन घेतलं. पाय हलत होता, त्याने टेबलही हलत होतं. सही सुरू झाली सरळ आणि शेवटी फाटा फुटून पार खाली घसरली. बायकोने कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. डोळे बारीक केले. ती कितीतरी वेळ त्या घसरलेल्या रेघेकडे बघत राहिली.

"सुरेख," ती म्हणाली. "ही मुद्दाम काढलीत ना?"

"हो," भिंतवाले म्हणाले.