मतं एकीकडे, बदक दुसरीकडे

खासदारकीची निवडणूक हरलेल्या पानमावशींचा, मतदारांचे आभार मानत फिरणारा ट्रक गल्लीत वळला, तेव्हा वेंग आपल्या बदकांच्या खानावळीचं शटर घाईघाईने ओढत होता. ते अर्ध्यावर अडकलं.

राष्ट्राध्यक्षांची लाटच अशी होती, की फलकावर त्यांच्या शेजारी ओंडका उभा केला असता तरी तो खासदार झाला असता. त्यांच्याच पक्षाचा, मावशींविरुद्ध उभा असलेला बो-हान झाला. वेंगने पहिल्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षांना शिक्का मारला आणि संसदेच्या मतपत्रिकेवर हात आपसूक त्याच पक्षावर गेला. मावशींना मात्र त्याने देवळात मताचा शब्द दिला होता. त्याच्या वडिलांच्या अंत्ययात्रेत त्या भर पावसात शेवटपर्यंत चालल्या होत्या.

"आता कुठल्या तोंडाने समोर जाऊ?"

"तोंड राहू दे. बदक घेऊन जा," बायको म्हणाली.

वेंग भाजलेलं बदक घेऊन धावला. "मावशी, माझं मत तुम्हालाच होतं."

"असणारच," म्हणत मावशी आभार मानायला ट्रकवरून कमरेत वाकल्या.

मागोमाग न्हावी अननस घेऊन आला. त्याचंही मत मावशींनाच होतं. टोफूवालीचंही. मग तांदळाची पोती आली, शिवणयंत्र आलं. एवढी मतं मिळूनही मावशी हरल्या कशा, हे कोणालाच कळेना. शेवटी शिंप्याने फ्रिज चढवला आणि टायर फुटला.

मागे बो-हानचा ट्रक अडकला. तो उतरून पुढे आला.

"ए पोरा, बघतोस काय? जॅक धर," न्हावी म्हणाला. फलकावर बो-हान राष्ट्राध्यक्षांच्या खांद्याआड होता, त्यामुळे त्याला कोणी ओळखलं नाही. त्याने जॅक धरला.

टायर बदलून झाल्यावर मावशींनी माइक घेतला. "मंडळी, हे आपले नवे खासदार. हात काळे झालेत, पण कामामुळे."

न्हाव्याने त्याच्या हातातला जॅक घाईघाईने काढून घेतला.

"मावशी, मी आता काय करू?" बो-हानने हळूच विचारलं.

"उद्या देवळामागे अंत्ययात्रा आहे. गाडीतून जाऊ नकोस, चालत जा. आणि हे सगळं तुझ्या ट्रकवर चढव. यांनी मतं तुला दिलीत, सामान चुकून माझ्याकडे आलंय."

माइक चालूच होता.

गल्लीतल्या प्रत्येकाला एकाच वेळी चपलेत काहीतरी रुतलं आणि सगळे वाकून चपला तपासू लागले. वेंग खानावळीत गेला, दुसरं बदक बांधून आणलं आणि खालमानेने पुढे केलं.

"मावशी, हे चुकून नाही."

मावशींनी पुडकं हुंगलं. "मग चटणी कमी का घातलीस?"