पंचवीस मीटरवरच्या बाई

मोजणीदारांनी टेप ताणून धरला, एक डोळा मिटला, तीनदा पुन्हा मोजलं आणि तळ्याकाठच्या ओल्या मातीत चुन्याचा एक ठिपका टाकला.

"इथे उभं राहायचं," ते म्हणाले. "हलायचं नाही."

"किती वेळ?" टेलरबाईंनी विचारलं.

"पक्षी येईपर्यंत."

"आणि नाही आला तर?"

"तरी हलायचं नाही."

टेलरबाई म्हणजे मोजणीदारांच्या पत्नी. मोजणीदार जमीन मोजणाऱ्या खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि मोजायला काही उरलं नाही म्हणून कासावीस होते. बाईंच्या नशिबी निवृत्ती नव्हती. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन होतं आणि दारात सकाळपासून कोणीतरी कमरेत सैल झालेली पँट किंवा अडकलेली चेन घेऊन उभं असायचं. आतून सासूबाई दर दहा मिनिटांनी "माझा चष्मा कुठाय गं?" असं विचारायच्या, आणि तो बहुधा त्यांच्याच कपाळावर असायचा. आयुष्यभर गिऱ्हाइकांना "हलू नका हं" म्हणणाऱ्या बाईंना तेच वाक्य आज पहिल्यांदा ऐकून घ्यावं लागलं.

त्याचं असं झालं होतं. मोजणीदारांच्या जुन्या खात्याचं दरवर्षी कॅलेंडर निघे आणि त्याच्या पहिल्या पानावर निवृत्त मंडळींपैकी कुणाचा तरी फोटो छापत. गेली सहा वर्षं तो मोठ्या साहेबांच्या सूर्यास्ताचाच होता. यंदा साहेबांना मावळवायचंच, असा मोजणीदारांनी पण केला होता. तळ्यात अर्धवट बुडालेल्या एका खोडावर पहाटे एक करडा पक्षी येऊन बसतो, हे त्यांनी हेरलं होतं. लांबचं टिपणारी लेन्स त्यांच्याकडे होती, पण तिच्यातून पक्षी वाटाण्याएवढा दिसे. म्हणून त्यांनी लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसवायचा टेलीकन्व्हर्टर आणला. त्यानं पक्षी दुप्पट मोठा झाला खरा, पण आत येणारा उजेड चौथाईवर आला. धुक्यात करडा पक्षी, त्यात हा अंधार. बिचाऱ्या ऑटोफोकसला पकडायला काहीच मिळेना. बटण दाबलं की लेन्स घर्र करून पुढे जायची, घर्र करून मागे यायची, आणि तोवर पक्षी कंटाळून उडून जायचा.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला गावात सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो लेन्स कानाला लावून तपासायचा. त्यानं उपाय सांगितला. "फोकसला ठळक काहीतरी लागतं. पक्षी जेवढा लांब आहे बरोबर तेवढ्याच अंतरावर काळंपांढरं काहीतरी उभं करा. आधी त्याच्यावर फोकस धरा, मग तो तसाच ठेवून कॅमेरा पक्ष्याकडे वळवा."

खांब रोवायला तळ्यावरचा पहारेकरी परवानगी देईना. म्हणून बाईंनी उरलेल्या कापडांतून वीतवीतभर चौकड्यांचा एक काळापांढरा झगा शिवला, आणि कॅमेऱ्यापासून पंचवीस मीटरवर, पक्षी बुजणार नाही इतक्या बाजूला, चुन्याच्या ठिपक्यावर त्या उभ्या राहिल्या. कॅमेऱ्याला हातभर पुढेमागे चाललं असतं. मोजणीदारांना बोटभरही चालणार नव्हतं.

पहिल्या दिवशी बाईंना वाटलं, पाय दुखतील. पाय दुखले नाहीत. धुकं पाण्यावरून हळूहळू सरकत होतं आणि त्याच्याबरोबर त्यांचं मनही सरकायला लागलं. फोन घरी ठेवलेला. हाक मारायला कोणी नाही, आणि मारली तरी हलायची परवानगी नाही. डोळ्यांसमोर पाणी आणि आभाळ यांची शिवण कुठे आहे ते कळत नव्हतं, आणि बाईंना ते शोधावंसंही वाटलं नाही. लहानपणी आजारी पडल्यावर शाळा बुडायची तेव्हा अंथरुणात असंच वाटायचं, हे त्यांना आठवलं. मग तेही विरून गेलं. मोजणीदारांनी पलीकडून "झालं" म्हणून हात हलवला तेव्हा त्या दचकल्या. पाऊण तास गेला होता.

"दमलीस?" घरी जाताना त्यांनी विचारलं.

"बरीच," बाई म्हणाल्या. आपण खोटं का बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

फोटो निवडायचं काम बाईंचंच होतं. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर मोजणीदारांना सगळंच सारखं दिसे आणि संगणकापुढे बसायचा त्यांना धीर नव्हता. बाईंची नजर टाक्यावर बसलेली; कुठे अर्धं सूत हललंय ते त्या सांगत. कार्डात आधी एक फोटो त्यांचा स्वतःचा, निशाणीचा, मग पक्ष्याचा, मग पुन्हा त्यांचा, असा क्रम असे. आपले फोटो त्या न बघताच पुसत.

नवव्या दिवशी पक्ष्याचा फोटो आला. असा आला की चोचीवरचा पाण्याचा थेंबसुद्धा दिसत होता. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, झाली का पँट?" आतून सासूबाई म्हणाल्या, "चष्मा कुठाय गं?" बाईंनी मागे वळून "हो, हो" म्हटलं आणि हाताखालचं बटण दाबलं गेलं. पडद्यावर संगणक विचारत होता, पुसू का? त्याला वाटलं, हो म्हणतायत त्या आपल्यालाच.

पक्षी गेला.

बाई थिजल्या. आता रडू येणार, असं त्यांना वाटलं. वाट पाहिली, आलं नाही. उलट छातीत काहीतरी हलकं झालं. उद्या पुन्हा उभं राहायचं. घरात ज्या बाईला बसायलाही कारण लागतं, तिला नुसतं उभं राहायला केवढं मोठं कारण लागलं असतं. ते आयतं मिळालं होतं आणि एका चांगल्या फोटोनं हातचं गेलं असतं.

दहाव्या दिवशीही एक स्पष्ट फोटो आला. तोही बाईंनी पुसला, पण चुकून नाही.

"आज?" मोजणीदारांनी जेवताना विचारलं.

"जरा हललाय," बाई ताटाकडे बघत म्हणाल्या.

तिकडे काठावर वेगळंच सुरू झालं. फिरायला येणारे एक लाल टोपीवाले गृहस्थ बाईंपाशी थांबले. "कुठल्या पद्धतीचं हे?" त्यांनी आदरानं विचारलं. बाईंना ओठ हलवायची मुभा नव्हती. त्या गप्प राहिल्या. गृहस्थांना ते फार खोल वाटलं. दुसऱ्या दिवशी ते शेजारी येऊन उभे राहिले, तिसऱ्या दिवशी त्यांची पत्नी आली, आठवडा उलटायच्या आत बाईंच्या दोन्ही बाजूंना सात माणसं डोळे मिटून उभी. मोजणीदार पलीकडून "बाजूला व्हा" म्हणून दोन्ही हात हलवू लागले. तो व्यायामाचा पुढचा भाग समजून सातांनीही हात हलवले. त्या गडबडीत ऑटोफोकस लाल टोपीवर जाऊन बसला आणि तिथून हलेना.

मोजणीदारांनी नवा ठिपका मोजून काढला. तरी बाईंचं रोज तेच, "जरा हललाय." तेव्हा त्यांनी ठरवलं की पक्षी अजून पुरेसा मोठा दिसत नाही, म्हणून हे होतंय, आणि दुसरा टेलीकन्व्हर्टर आणून पहिल्याच्या मागे जोडला. दूध पातळ लागलं म्हणून त्यात आणखी पाणी ओतावं तसंच ते झालं. लेन्सनं घरघरणंसुद्धा सोडून दिलं. बाई ठिपक्यावर उभ्या होत्या, चौकडी झगा लखलखीत दिसत होता, आणि ऑटोफोकस ढिम्म.

कॅलेंडरसाठी फोटो द्यायची मुदत दोन दिवसांवर आली. त्या दुपारी मोजणीदार खुर्चीत बसून टेपानं जेवणाचं टेबल मोजत होते. लांबी, मग रुंदी, मग पुन्हा लांबी.

"माझ्या हातालाच कंप आलाय बहुतेक," ते म्हणाले. "डोळेही गेले असतील. नाही जमत मला. संध्याकाळी लेन्स विकून टाकतो. सुटलीस तू."

बाईंना स्वतःची लाज वाटली. आपल्या पाऊण तासासाठी आपण या माणसाचे हात आणि डोळे दोन्ही घालवले. सांगून टाकावं, असं त्यांना दहादा वाटलं आणि दहाही वेळा 'सुटलीस' हा शब्द आडवा आला. त्या नादात एका कोटाला त्यांनी उलटी बाही लावली. संध्याकाळी काही न सांगताच त्या मोजणीदारांबरोबर लेन्स विकायला डॉक्टरकडे निघाल्या.

डॉक्टरनं लेन्स कानाला लावली. मग दोन्ही टेलीकन्व्हर्टर काढून टेबलावर ठेवले. "दोन-दोन लावल्यावर ती काय बघणार? पण एकावर तरी फोकस बसायला हवा होता. निशाणीचे फोटो दाखवा. ते स्पष्ट असतील तर लेन्स निरोगी आहे."

"ते आमची ही पुसून टाकते," मोजणीदार म्हणाले.

"पुसलेले परत येतात," डॉक्टर कार्ड मागत म्हणाला. "पुसलं म्हणजे नुसती नावाची चिठ्ठी काढलेली असते. माल बहुतेक जागेवरच असतो."

"मी बाहेर थांबते," बाई म्हणाल्या, पण पाय निघाले नाहीत. हलायचं नाही, ही सवय लागली होती.

पडद्यावर एकामागून एक चित्रं उमटायला लागली. आधी बाई. मग पक्षी, पाण्याच्या थेंबासकट. बाई. पक्षी पंख उघडताना. बाई. पक्षी मान वळवून थेट बघताना. सगळे इतके स्पष्ट, की पिसं मोजावीत. मोजणीदार पुढे वाकले. त्यांनी तारखा पाहिल्या. मग बायकोकडे पाहिलं. बाई जमिनीकडे बघत होत्या. आता वीज पडणार, याची त्यांनी तयारी केली होती.

ती पडली नाही. मोजणीदार पुन्हा पडद्याकडे वळले आणि बाईंच्या एका फोटोवर थांबले. इतके दिवस त्यांनी त्या चौकड्यांवर फक्त फोकस धरला होता, खात्रीपुरतं बटण दाबलं होतं आणि लगेच कॅमेरा वळवला होता. चौकड्यांच्या वर चेहरा होता. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर कसलंसं हसू, कपाळावर एकही आठी नाही. त्यांनी पुढचा फोटो बघितला, त्याच्या पुढचा बघितला. पक्षी आला की ते भराभर पुढे जात होते.

"बघा," डॉक्टर खुशीत म्हणाला. "लेन्स ठणठणीत आहे. यातला कुठलाही उद्याच पाठवून द्या. फोटो पहिल्या पानावर नक्की."

मोजणीदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"चोच जरा मऊ आलीय, पुसट," ते म्हणाले.

"कुठे मऊ? थेंब मोजता येतोय."

"तुम्हाला लेन्सचं कळतं. चोचीचं मला कळतं. हे नाही चालायचं."

"मग ठेवून जा इथे. उघडून बघतो."

"नको, नको." मोजणीदारांनी लेन्स दोन्ही हातांनी ओढून घेतली आणि घाईघाईनं पिशवीत घातली. "दुरुस्त झाली तर पंचाईत व्हायची."