तात्यांचं बिनकानाचं

चुलतसासऱ्यांच्या पायाशी नाग होता आणि मला त्यांच्याशी बोलायची मुभा नव्हती.

तात्या अंगणात पाठमोरे उभे. एका हातात थापी, दुसऱ्या हातात चुन्याचं घमेलं. उघड्या टाचेमागे नागानं फणा काढलेला. सासूबाई आणि नवरा शेतावर. मी उंबऱ्यात, हाताला पीठ, डोक्यावर पदर, तोंड बंद.

आमच्याकडे तेव्हा सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, चुलतसासऱ्याशीही नाही. तोंड दाखवायचं नाही. मी रनाळ्याची, चौथी पास, माहेरी दिवसभर बडबडणारी. लोणखेड्याला आले आणि वाट्याला आले तात्या. नंदुरबारला जिनात कापसाच्या गाठी बांधायचे. तिथं पाय मोडला, तेव्हापासून घरीच. बायको कधीच गेलेली, मूल नाही. दिवसभर घरात आम्ही दोघंच, दोघंही बोलके.

सुरुवातीला म्हशीनं आम्हाला निभावलं. तात्या तिला म्हणायचे, "म्हैसबाई, तिले सांग, दाळमा मीठ नही." मी म्हणायचे, "म्हैसबाई, त्यासले सांग, मीठ ताटमाच शे, देखा तरी." म्हैस रवंथ करायची. काम चालायचं. मग म्हैस आटली आणि सासूबाईंनी ती विकली.

आठ दिवस घर मुकं. भिंतीशी बोलावं, तर तात्यांना ते पसंत नाही. "भीतले कान ऱ्हातस," ते म्हशीच्या रिकाम्या खुंट्याला म्हणाले. पण खुंट्यावर काही त्यांचं मन बसेना. नवव्या दिवशी त्यांनी जिनातून आणलेली जुनी तार माळ्यावरून काढली आणि म्हशीच्याच जागेवर वाकवायला बसले.

तारेचं वेटोळं झालं. वेटोळ्याला पोट आलं, पोटातून एक फाटा निघाला, फाट्यावर गोळा. गिलावा तीनदा गळून पडला. मग गफूरभाई गवंड्यांनी चुन्यात गूळपाणी आणि ताग कालवायला शिकवलं. गाव म्हणालं, तात्या म्हैस करतोय. शिंगं येईनात तेव्हा लोक विचारायला येऊ लागले.

"तात्या, हाई काय शे?"

"तुले काय दिसस?"

"माले तं डुक्कर दिसस."

"मंग तुन्हं डुक्कर. चाल, नीघ."

पण माणूस गेला की तात्या थापी घेऊन उठायचे आणि जिथं डुक्कर दिसलं तिथं खरवडायचे. एकदा गिलाव्याला आपोआप नाकासारखा उंचवटा आला. "नाक उनं! नाक उनं!" करत त्यांनी तो असा तासला, जसा काही विंचूच चढलाय. मारुतीचा पुजारी शेंदराची वाटी घेऊन आला, तेव्हा हा लंगडा माणूस काठी उगारून वेशीपर्यंत धावला. शेंदूर लागला की देव झाला, मग कोण हात लावू देणार?

मला त्या ध्यानाचं काही सोयरसुतक नव्हतं. म्हशीची जागा भरली एवढं पुरे. त्याला कान नव्हते, म्हणून मी बिनकान्या म्हणायचे आणि धान्य निवडत त्याच्याशी बोलत बसायचे. माहेरचं, विहिरीवरचं, सासूबाईंचं तर फारच. तात्या पाठ करून गिलावा लावायचे. ऐकू सगळं जायचं. पण सासूबाईंपर्यंत एक अक्षर कधी गेलं नाही.

तर नाग. मी त्या गोळ्याकडे बघून किंचाळले, "ओ बिनकान्या! त्यासले सांग, हालू नका! मांगे नाग शे!"

तात्या जागच्या जागी थिजले. हळूच गोळ्याला म्हणाले, "तिले इचार, कितला लांब?"

"त्यासले सांग, एक वीत!"

"तिले सांग, बोंबलू नको."

"त्यासले सांग, नागले कान नही ऱ्हातस, मी खुशाल बोंबलसू!"

तात्यांचे खांदे हलले. हा माणूस हसत होता! मी देवाचं नाव घेतलं. नागानं फणा खाली घेतला, बिनकान्याच्या गिलावा न लागलेल्या पोटात सरपटत शिरला, पलीकडून निघाला आणि कुंपणात शिरला.

"त्यासले सांग, गया."

तात्यांनी घमेलं खाली ठेवलं. पण ते वळले नाहीत.

"तिले सांग, पदर पडना शे. पदर ले, मंग मी फिरसू."

पदर कधी पडला मला कळलंच नव्हतं. त्यांना आवाजावरून कळला असावा. मी पदर घेतला.

"तिले सांग, पानी पी," तात्या म्हणाले, आणि मग वळले.

संध्याकाळी गफूरभाई चुना द्यायला आले. मी आत चुलीशी.

"तात्या, इतनी मेहनत की, तो आदमीच बना देते."

"मानूस बनाडा तं तिले पदर लेना पडी. देव बनाडा तं हात जोडना पडी," तात्या म्हणाले. "दिनभर घरमा ऱ्हास पोर. जे काहीच नही, त्यानासंगे तं मोकळं बोलता येस."

मी भाकरी उलटायची विसरले, ती जळली. जेवताना तात्यांनी ती मुकाट खाल्ली. बिनकान्याकडे तक्रार गेली नाही.

नाग पुढच्या श्रावणात पुन्हा दिसला, तोच असावा. तात्या त्यानंतर बारा वर्षं जगले. मी अजून आहे, आणि बिनकान्याही.