शिडीवर न चढता

वचन मोडणे हा दोष खराच; परंतु वचनाच्या अक्षराला धक्का न लावता त्याच्या हेतूला बगल देणे हा दोष अधिक सूक्ष्म, कारण करणाऱ्याला तो पुण्यासारखा भासतो. दुरुस्तीकाकांच्या हातून तो एका सकाळी घडला.

धूळ ओढणारी यंत्रे दुरुस्त करण्यात काकांची चाळीस वर्षे गेली होती. गतवर्षी ते शिडीवरून पडले, महिनाभर अंथरुणाला खिळले, आणि पुन्हा शिडीच्या पायरीवर पाऊल ठेवणार नाही अशी शपथ काकूंनी त्यांच्याकडून घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत जिन्यावरच्या भिंतीवरील, टोले देणारे घड्याळ बंद पडले. ते काकूंच्या माहेरचे. काकू काही बोलत नसत. पण येता-जाता वर पाहत, आणि ते पाहणे काकांच्या जिव्हारी लागे.

शिडी नको म्हणाली आहे, भिंत नको म्हणालेली नाही, असा युक्तिवाद त्यांनी मनाशी मांडला आणि भिंतीला चिकटणारे पंजे बनवले. डब्यांची दोन झाकणे, त्यांना कुकरची रबरी कडी, वर बागकामाचे हातमोजे आणि मागे दोन जुन्या यंत्रांच्या नळ्या. झाकणाला अंगठ्याएवढे भोक: अंगठा दाबला की हात भिंतीला चिकटे, उचलला की सुटे. पायांसाठी झाकणांनाच दोरीचे फासे.

काकू बाजारात गेल्या आणि काका भिंतीवर. घड्याळ वीतभर उरले असताना अंगठे उचलेनात. भोकांनी ते आत ओढून धरले होते. यंत्र ओढत नाही म्हणून आजवर शेकडो लोक त्यांच्याकडे आले होते. सोडत नाही म्हणून एकही नाही. सोडवण्याचा विचार करण्याची सवयच त्यांना नव्हती.

काकू परतल्या. यंत्रांची घरघर ऐकून, यजमानांनी अखेर जळमटे काढायला घेतली असे वाटून त्यांना भरून आले. “कोपरेही घ्या हो,” त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. काकांचे उत्तर भिंतीतच जिरले.

मग त्या जिन्याशी आल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी यंत्राच्या बटणाकडे हात नेला.

“बंद करू नकोस. बंद केलंस की मी खाली.”

काकूंनी शिडी ओढत आणली, त्यांच्या पायांखाली लावली आणि फासे सोडवले.

“ठेवा पाय.”

“शपथ आहे,” काका भिंतीला म्हणाले.

“आता आठवली?”

“विसरलो कधी होतो? म्हणून तर असा आलो.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. “बरं, सोडवली. आजच्यापुरती.”

काकांचे पाय पायरीवर टेकताच एका हाताने शिडी धरून त्यांनी पायाने बटणे बंद केली. बाटलीचे बूच निघावे तसे अंगठे सुटले. सवलत मिळालीच आहे तर, म्हणून काकांनी खिशातला नवा सेल काढून घड्याळ उघडले.

“अगं, यात सेलच नाही.”

काकूंनी शिडी आणखी घट्ट धरली.

“मीच काढला. तुम्ही शिडीवरून पडल्यापासून टोला वाजला की दचकून उठायचात. जेमतेम डोळा लागायचा तुमचा.”

“आणि चढलीस कशी?”

“शिडीनं. शपथ तुमची होती, माझी नव्हती.”

काका सावकाश उतरले आणि त्यांनी काकूंकडूनही तीच शपथ घेतली. घड्याळ आता हात पोहोचेल एवढ्या उंचीवर आहे. काटे चालतात, टोले विश्रांती घेतात.

एकमेकांना असे चोरून जपणाऱ्यांचे अडकलेले अंगठे सदैव सुटोत. हात मात्र कधी न सुटोत.